दंड माळवालीला, पिशवी मोकळीच

आज आषाढी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात टाळमृदंगाचा घोष चालू आहे आणि शेकडो मैल चालून आलेला वारकरी कळसाचे दर्शन घेऊन कृतार्थ होत आहे. एकादशी हे व्रत होय. व्रत म्हणजे आपणच आपल्याला घालून घेतलेले बंधन. कायदा हे राज्याने बाहेरून घातलेले बंधन. ही दोन बंधने एकाच वस्तूपाशी येऊन कशी ठेपतात, हे पाहावयाचे असेल तर आज महाद्वाराच्या वाटेवर क्षणभर उभे राहावे. तुळशीची माळ, बुक्क्याची पुडी, चुरमुरे, बत्तासे, साखरफुटाणे. ज्याची त्याची निराळी पातळ पिशवी. द्वादशीला पारणे फिटते, वारकरी गावी परततो. पिशव्या मात्र वाळवंटातच वस्तीला राहतात. ज्या पिशवीचा उपयोग दुकानापासून मंदिरापर्यंतच्या वाटेपुरता, तिचे आयुष्य मात्र कित्येक पिढ्यांचे!

या पिशवीला आवर घालण्यासाठी कायदे झाले नाहीत असे कोणी म्हणू नये. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. नाले आणि गटारे तुंबली, आणि ती तुंबविणाऱ्या वस्तूंत पातळ पिशवी ठळकपणे सर्वांच्या नजरेस आली. त्यानंतर २००६ साली राज्याने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी घालणारे नियम केले, आणि त्याच वर्षी अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा अधिनियमही आला. त्या अधिनियमाखाली २३ मार्च २०१८ रोजी निघालेली अधिसूचना अधिक कठोर होती. तिने पिशवीचे उत्पादन, विक्री, वापर, साठा आणि वाहतूक या सर्वांस मनाई केली. पहिल्या अपराधास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कारावास, अशी शिक्षा ठरली. तीन महिन्यांची मुदत संपून २३ जून २०१८ पासून अंमलबजावणी सुरू झाली. केंद्राच्या २०२१ मधील नियमांनी पिशवीची किमान जाडी आधी ७५ व ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकून द्यावयाच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली.

इतके असूनही पिशवी आज आमच्या डोळ्यांदेखत हातोहात फिरते आहे. याचे कारण केवळ लोकांच्या बेपर्वाईत शोधणे आम्हांस अपुरे वाटते. दोष दंडाच्या रचनेत आहे. पिशवी कारखान्यात जन्मते, घाऊक व्यापाऱ्याकडे थप्पीने येते, तेथून किरकोळ दुकानात आणि शेवटी पाटीवाल्याच्या हाती पोहोचते. कायदा या सर्वांस अपराधी म्हणतो. परंतु तपासणीसाच्या नजरेस सहज पडतो तो शेवटचा हात. कारखाना दाराआड असतो, पाटी रस्त्यावर असते. महाद्वारात तुळशीच्या माळा विकणाऱ्या एका वृद्ध बाईस आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली की बुवा, पिशवी नाही म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या पाटीवर जाते. तिच्या दिवसभराच्या मिळकतीशी ५,००० रुपयांची तुलना वाचकांनीच करावी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो तिने कशाने मोजावा? केंद्राच्या नियमात जाडीची अट, राज्याच्या अधिसूचनेत पिशवीसच मनाई, आणि त्या मनाईत वेळोवेळी दिलेल्या सवलती. या गुंत्यात भलेभले गोंधळतात, तेथे तिची काय कथा!

दंड कसा असावा याचा विचार आपल्याकडे पूर्वीच झालेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या व्यवस्थेचे प्रकरण आहे. रस्त्यावर केरमाती टाकणाऱ्यास तेथे पणाचा अष्टमांश दंड सांगितला आहे. चिखलपाणी तुंबविणाऱ्यास त्याच्या दुप्पट, म्हणजे पाव पण. पुण्यस्थान, पाणवठा आणि देवालय यांच्या परिसरात घाण करणाऱ्यास अधिक दंड. मात्र व्याधीमुळे वा भयामुळे जो विवश झाला, तो दंडास पात्र नाही. या तरतुदीतला विवेक पाहावा. दंड लहान आहे, म्हणून तो वसूल करताना अधिकाऱ्याचा हात अडखळत नाही. पाणी अडविणे हा धूळ टाकण्याहून मोठा दोष मानला आहे. विवश आणि उन्मत्त यांत भेद केला आहे. आमचा दंड मोठा आहे, म्हणूनच तो क्वचित पडतो. आणि पडतो तेव्हा विवशावर पडतो.

आधुनिक काळातही हाच धडा परदेशांतून मिळतो. आयर्लंडने बंदी न घालता मार्च २००२ पासून दर पिशवीवर १५ सेंट शुल्क बसविले. दुकानदाराने ते आपल्या पदरचे भरून गिऱ्हाइकाला पिशवी फुकट द्यावयाची नाही. शुल्क गिऱ्हाइकाकडूनच घ्यावयाचे आणि पावतीवर निराळे दाखवावयाचे, असा नियम केला. जमा झालेला पैसा पर्यावरणाच्या निधीत गेला. त्यापूर्वी तेथे दरडोई वर्षाला सुमारे ३२८ पिशव्या लागत असा अंदाज होता. ती संख्या २१ वर आली. पुढे ती थोडी वाढू लागताच २००७ साली शुल्क २२ सेंट केले. उलट बांगलादेशाने २००२ सालीच पातळ पिशवीवर संपूर्ण बंदी घातली. असे करणारा तो जगातील पहिला देश. पुरात ढाक्याची गटारे पिशव्यांनी तुंबली, हा त्याचा अनुभव मुंबईसारखाच होता. शिवाय ताग तर त्या देशाचे स्वतःचे पीक. तरीही पिशवी बाजारात परतली, आणि २०२४ साली तेथील सरकारला तीच बंदी पुन्हा नव्याने अमलात आणण्याची मोहीम काढावी लागली.

आपल्याकडे शुल्काचा विचार नव्हता असेही नाही. केंद्राच्या २०११ च्या नियमांत दुकानदाराने पिशवी फुकट देऊ नये असे स्पष्ट म्हटले होते. २०१६ च्या नियमांतही पिशवीच्या किमतीविषयी स्वतंत्र नियम होता. तो मार्च २०१८ मध्ये दुरुस्ती करून वगळण्यात आला. ज्या महिन्यात महाराष्ट्राने बंदी आणली, त्याच महिन्यात केंद्राने मोल काढून घेतले. हा योग आम्हांस खेदकारक वाटतो. फुकट मिळालेल्या वस्तूला घरात जागा नसते. मोल दिलेली वस्तू घडी करून फळीवर ठेवली जाते.

गरिबाने पिशवीचेही पैसे का द्यावेत, असा आक्षेप येईल. शुल्क हे पिशवी मागणाऱ्यावर असते, आणि घरून पिशवी आणणे गरिबाला श्रीमंताइतकेच शक्य आहे. जेथे ओल्या मालासाठी पर्यायच नाही, तेथे सवलत ठेवावी. पण मोल लावले म्हणजे काम संपले असे नाही. कापडासारखी दिसणारी जी पिशवी आज दुकानांत मिळते, ती बहुधा प्लॅस्टिकच्याच तंतूंची असते. तिला कापड समजून आपण निश्चिंत होतो. खऱ्या कापडाच्या पिशवीसाठीही कापूस पिकवावा लागतो, पाणी द्यावे लागते. ती वर्षानुवर्षे वापरली तरच तिचे सार्थक. तमिळनाडूने डिसेंबर २०२१ मध्ये जुन्या पिवळ्या कापडी पिशवीचे पुनरागमन घडविण्याची योजना काढली आणि पुढे १० रुपयांत अशी पिशवी देणारी यंत्रे बाजारात बसविली. लग्नकार्यात पाहुण्यांना देण्याची ती पिशवी लोकांच्या ओळखीची होती, ही त्या योजनेची जमेची बाजू.

म्हणून आमची शासनास तीन मागणी आहेत. तपासणी कारखाना आणि घाऊक गोदामापासून सुरू व्हावी, पाटीपासून नव्हे. कोणतीही पिशवी, मग ती नियमात बसणारी का असेना, फुकट दिली जाऊ नये आणि तिचे मोल पावतीवर निराळे दिसावे. आणि प्रत्येक तीर्थक्षेत्री यात्रेपूर्वी महिला बचत गटांकडून कापडी पिशव्या शिवून घेऊन त्या पाटीवाल्यांस मूळ किमतीत पुरवाव्यात. त्यानंतरच त्यांच्याकडे दंडाची पावती घेऊन जावे.

आता उरले ते आपले व्रत. येथे आम्हांस स्वतःकडेच बोट दाखविले पाहिजे. गेल्या वर्षी एका गावी कीर्तनाच्या उत्तररंगात आम्ही नदीच्या पावित्र्यावर बरेच बोललो. आरती झाली, यजमानांनी नारळ आणि शाल दिली, आणि ती ज्या पिशवीत घालून दिली ती चकचकीत प्लॅस्टिकचीच होती. आम्ही ती मुकाट्याने घेतली. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी पिशवीकडे एकवार पाहिले आणि काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून आमच्या खांद्यावर वीणेबरोबर एक जाड्याभरड्या कापडाची झोळी असते, आणि यजमानांना आम्ही आधीच तसे कळवून ठेवतो.

जुना वारकरी खांद्यावर पडशी टाकूनच घर सोडीत असे. शिधा तिच्यात, प्रसादही तिच्यातच. उद्या द्वादशीला परतताना आपणही पंढरीचा प्रसाद आपल्याच पडशीत न्यावा, आणि त्या माळवालीकडे पिशवी मागू नये. आपण मागितली नाही, तर नाही म्हणण्याचा प्रसंग तिच्यावर येणार नाही.

रामकृष्ण हरि.