स्पेलचा अर्थ लेखकाला विचारू नका

रोलाँ बार्थने १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची द्वाही फिरवली. आमचे साहित्याचे विद्यार्थी त्यावर टीप लिहितात आणि परीक्षा संपली की कवीला गाठून ‘तुम्हांला नेमके काय म्हणायचे होते?’ असे विचारतात. हीच सवय आणखी एका ठिकाणी बोकाळली आहे, आणि तिथे ती अधिक उघडी पडते. ते ठिकाण म्हणजे मेजाभोवती बसून खेळायचे कल्पनारम्य भूमिकांचे खेळ. त्यांतला आद्य खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली आणलेला.

या खेळात मुख्य सामग्री भाषेची असते. खेळाडू मांत्रिक होतो, स्पेल टाकतो, आणि त्याने काय घडते हे पुस्तकातला एक परिच्छेद ठरवतो. २०२१ साली पुणे महापालिकेत आलेल्या मांजरी बुद्रुकमध्ये आम्ही हा डाव मांडतो तेव्हा बोलणे मराठीत चालते, नियम मात्र इंग्रजीत असतात. त्यामुळे प्रत्येक वाद हा आधी वाक्याच्या अन्वयाचा वाद असतो.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत अदृश्य स्थितीची दोन कलमे होती. पहिले: असा जीव जादूच्या किंवा विशेष इंद्रियाच्या मदतीवाचून दिसत नाही. दुसरे: त्याच्यावर हल्ला करणाऱ्याने वीस पैलूंचा फासा दोनदा टाकून कमी अंक धरावा, आणि त्याने स्वतः हल्ला केल्यास जास्त अंक धरावा. आता, अदृश्य जीव दिसू लागावेत यासाठी एक वेगळा स्पेल आहे. तो टाकलेल्या मांत्रिकाला समोरचा शत्रू स्वच्छ दिसतो आहे. त्यानेही कमी अंकच धरायचा काय?

शब्दपूजक म्हणतात, होय; दुसऱ्या कलमात अपवाद लिहिलेला नाही. बाकीचे म्हणतात, रचनाकाराला विचारा. तसे विचारलेही गेले. एका प्रमुख रचनाकाराने शब्दशः अर्थच उचलून धरला, आणि अनेकांनी वाद मिटला असे मानले. आमचा आक्षेप दोघांवरही आहे, पण दुसऱ्यावर अधिक. शब्दपूजक निदान पुस्तक उघडतो. दुसरा ते मिटतो.

विधिवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र आपल्याकडे होते, आणि त्याचा पाया असा की विचारायला कर्ताच नाही. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय. म्हणून जैमिनीला आणि शबराला अर्थाची साधने वाक्यांतच शोधावी लागली. माखलेले खडे मांडावेत असा एक विधी आहे. कशाने माखलेले? तेलही चालले असते. पण त्याच विधीला जोडून पुढे तुपाची स्तुती येते, तेव्हा तूपच घ्यावे. संदेह पडला की वाक्यशेषाकडे पाहावे, हा नियम. त्याच वृत्तीने दुसरे कलम पहिल्याचा परिणाम म्हणून वाचले पाहिजे: दिसत नाही, म्हणून नेम चुकतो. ज्याला दिसते त्यालाही ही अडचण लावली, तर अदृश्य पाहण्याचा स्पेल निम्मा पांगळा होतो.

यावर मीमांसा जाणणारा अडवील: श्रुती प्रकरणाहून बलवान, मग स्पष्ट शब्द सोडून संदर्भाकडे का वळता? उत्तर असे, की शब्द स्पष्ट असता तर वळलो नसतो. ‘अदृश्य’ म्हणजे कोणालाच न दिसणारा, की समोरच्या विशिष्ट पाहणाऱ्याला न दिसणारा, हे दुसरे कलम सांगत नाही. पहिले मात्र मदत मिळाल्यास तो दिसू शकतो असे सुचवते. संदेह आम्ही बाहेरून आणलेला नाही. तो शब्दातच आहे.

वक्ता ठाऊक असला तरी वाचनाची जबाबदारी टळत नाही, हे महानुभावांनी दाखवले. चक्रधरांची वचने केशिराजबासांनी सूत्रपाठात एकत्र केली. पुढे ती कोणत्या प्रसंगी निघाली हे सांगणारे ‘प्रकरणवश’ तयार झाले, भाष्ये झाली. विचारायला चक्रधर समोर नव्हते. पंथाने प्रसंग जपले आणि त्यांच्या आधारे अर्थ लावला.

आणि ‘लेखकाला विचारा’ या पक्षाचे काय झाले? २०२४ च्या सुधारित पुस्तकात तेच कलम बदलले. जो पाहू शकतो त्याच्याविरुद्ध हा लाभ मिळत नाही, असे आता स्पष्ट लिहिले आहे. निवाडा मानून ज्यांनी आपले वाचन सोडले, त्यांच्या हाती ना निवाडा राहिला, ना वाचन. हा लेखकाचाच विजय, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे एवढेच, की नवा मजकूर हाही मजकूरच आहे, आणि तोही वाचावाच लागेल.

मेजावर डंजन मास्टरचा शब्द अंतिम असतो, हे आम्हांला मान्य आहे. पण अंतिम असणे म्हणजे बरोबर असणे नव्हे. त्यानेही कारणे द्यावीत. साहित्याच्या वर्गाकडे आमची मागणी याहून वेगळी नाही. ज्याला अर्थ हवा त्याने वाक्य पुन्हा वाचावे, मागचेपुढचे पाहावे, आणि आपले कारण चारचौघांसमोर मांडावे. अर्थ मागवून घेता येत नाही; तो लावावा लागतो.