राबाने घातलेला प्रश्न

शेती आणि पर्यावरण हे दोन वेगळे अभ्यासविषय आहेत, हे आपल्या विद्यापीठांनी कधी ठरवले? ठाणे जिल्ह्यातल्या भातशेतकऱ्याला ही फारकत कधीच ठाऊक नव्हती. त्याचा राबच त्याला साक्ष आहे.

राब म्हणजे रोप टाकायच्या तुकड्यावर शेण, छाटलेले टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि पावसाच्या तोंडावर ते पेटवायचे. भाजलेल्या मातीत पडलेले बी जोमाने उगवते, तण कमी येते, आणि लावणीच्या वेळी रोप हाताशी तयार असते. या टहाळासाठी ऐनासारखी झाडे छाटावी लागत. १८७८चा वनकायदा आला, डोंगर राखीव होऊ लागले, तसा भिवंडी, शहापूर, कल्याणकडचा शेतकरी आणि जंगलखाते यांच्यात तंटा उभा राहिला. गायराने आणि डोंगर ताब्यात घेतल्याबद्दल जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर केलेली टीका याच काळातली, १८८३ची. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारींसाठी मुंबई सरकारला १८८५मध्ये वन आयोग नेमावा लागला. रयतेला झाड छाटू द्यावे की नाही, हा प्रश्न वरवर कायद्याचा. पण त्याच्या पोटात एक शास्त्रीय प्रश्न होता: राबाशिवाय भात पिकतो का?

सरकारला उत्तर माहीत नव्हते. शेतीखात्याचे संचालक ओझॅन यांनी राबावर प्रयोग करून पाहिले. इंग्लंडहून आलेला रसायनशास्त्रज्ञ व्होल्कर याने १८९३च्या अहवालात राबाची दखल घेतली, आणि इथला शेतकरी अडाणी आहे हे गृहीत धरून तो चालला नाही. साहेबी अहवालांत हे दुर्मीळच.

मुळापर्यंतचे काम मात्र पुण्यात झाले. तिथल्या विज्ञान महाविद्यालयात १८७९पासून शेतीचे वर्ग होते. पुढे कृषी महाविद्यालय स्वतंत्र झाले आणि हॅरॉल्ड मान प्राचार्य झाले. त्यांनी ना. वि. जोशी आणि ना. वि. कानिटकर यांच्यासह १९१२मध्ये पश्चिम भारतातल्या राबपद्धतीवर सविस्तर निबंध छापला. राखेतले खत एवढाच राबाचा गुण नाही, माती तापण्यालाही महत्त्व आहे, याचा शोध त्यांनी प्रयोगशाळेत घेतला. त्याच सुमारास, १९०९मध्ये, इंग्लंडच्या रॉदॅमस्टेड केंद्रात रसेल आणि हचिन्सन तापवलेल्या मातीतल्या सूक्ष्मजीवांचा आणि नत्राचा अभ्यास करत होते. कोकणातल्या राबाचा प्रश्न जगाच्या मृदाशास्त्रातला ताजा प्रश्न होता, आणि तो मराठी संशोधकांच्या टेबलावर होता. हेच कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीचे जाणकार झाले.

इथून वाटा फुटल्या. १९६८मध्ये राहुरी, १९६९मध्ये अकोला, १९७२मध्ये परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे झाली, कृषी खात्याच्या छत्राखाली. त्यांनी कामही भरपूर केले. कर्जतच्या केंद्रातून निघालेले भाताचे वाण आणि पनवेलच्या केंद्रातून आलेले खारजमिनीचे वाण कोकणच्या बांधांवर दिसतात. पर्यावरण मात्र दुसऱ्या दारातून आले, तेही न्यायालयाच्या हुकमाने. १९९१मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिकवायला सांगितला. बारा वर्षांनी पुन्हा कान उपटावे लागले, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा पाठ्यक्रम आणला. पुण्याच्या एरक भरुचा यांनी त्यासाठी लिहिलेले पुस्तक चांगले आहे. पण सक्तीच्या विषयाचे आपल्याकडे जे होते तेच त्याचे झाले. प्रकल्पाच्या वह्या वर्षानुवर्षे हातोहात फिरतात.

आज भिवंडीकडे पाहा. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून काल्हेर, पूर्णा, माणकोली, दापोडे या गावांत गोदामे उभी राहिली. २०१७मध्ये जकात गेली, जीएसटी आला, गोदामे वाढतच राहिली. भाताच्या खाचरात मुरूम पडला की पीक जाते, आणि खाचर जे पावसाचे पाणी अडवून धरत होते तेही वाट शोधत शेजाऱ्याच्या शेतात शिरते. कापडाच्या सायझिंग-डाइंगचे पाणी कामवारी नदीत, कामवारीचे खाडीत. ही हानी मोजणार कोण? कृषी पदवीधर पीक मोजतो, पर्यावरणाचा पदवीधर पाणी मोजतो, आणि खाचर दोघांच्याही अभ्यासक्रमाबाहेर राहते.

दरम्यान नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात चिखलणीही नाही, लावणीही नाही. गादीवाफ्यावर थेट बी टोकायचे, मुळे जमिनीतच कुजू द्यायची. रोपवाटिकाच नको, म्हणजे राबही नको. वन आयोगापुढचा प्रश्न असा शेतातच सुटू शकतो, हे विद्यार्थ्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

दापोलीच्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र भिवंडीलाही व्यापते. मुंबई विद्यापीठाची महाविद्यालये भिवंडीतच आहेत. दोघांनी मिळून एक पदवी-प्रकल्प सुरू करावा: एका गावाची खाचरे, त्यांची माती, कामवारीचे पाणी, दरवर्षी, त्याच जागी. त्याला नव्या इमारतीची गरज नाही. नोंदवही जुनी हातोहात फिरणारी नसावी, एवढीच अट.