कार्डाचं गेट बसवताय? आधी ते उघडतं कसं ते बघा

सोसायटीच्या प्रवेशद्वारात किंवा आपल्या छोट्याशा युनिटच्या दारात कार्डावर चालणारं गेट बसवायचं घाटत असेल, तर कोटेशनवर सही करण्याआधी एवढं वाचा. विकायला येणारा माणूस ते गेट बंद कसं राहतं हे रंगवून सांगेल. तुम्ही त्याला ते उघडतं कसं हे विचारा. वीज गेल्यावर, पाणी शिरल्यावर, आग लागल्यावर. यांची उत्तरं नीट मिळाली नाहीत तर पैसे खिशातच राहू द्या. वही घेऊन बसलेला वॉचमन तसल्या गेटपेक्षा कधीही बरा.

पिंपरी-चिंचवडमधल्या आपल्या काळेवाडीतल्या बहुतेकांना असं गेट ओळखीचं झालं ते मेट्रोमुळे. 6 मार्च 2022 रोजी पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी या टप्प्यावर गाडी सुरू झाली आणि कार्ड किंवा क्यूआर कोड दाखवून झडपेतून आत शिरायची सवय लागली. ‘आपल्याकडेही तसंच करू’ असं एखाद्या सभासदाला वाटलं तर त्यात चूक नाही. पण मेट्रोचं गेट पक्क्या छताखाली असतं, जवळ कर्मचारी असतो, देखभाल करणारे ठरलेले असतात, आणि संकट आलं तर सगळी गेटं एकदम मोकळी करण्याची सोय स्टेशनातच असते. तुमचं गेट पत्र्याच्या शेडखाली उभं राहणार. पश्चिमेकडून झड आली की अर्धं भिजणार. आणि त्याची जबाबदारी एजन्सी बदलली की बदलणाऱ्या गार्डवर पडणार. मेट्रोसारखं दिसणारं गेट कुणीही आणून देईल. अवघड असते ती त्यामागची व्यवस्था.

आता मुख्य मुद्दा. विजेवर चालणारी कुलपं दोन जातीची. वीज गेली की सुटणारी, आणि वीज गेली तरी बंदच राहणारी. माणसं बाहेर पडतात त्या वाटेवर पहिल्या जातीचंच कुलूप हवं, यात वाद नाही. ट्रायपॉड गेट, म्हणजे कमरेच्या उंचीवरचे तीन दांडे असलेलं, घेत असाल तर वीज गेल्यावर दांडा आपोआप खाली पडणारंच घ्या. स्वस्त गेटांत ही सोय नसते, आणि कोटेशनमध्ये ते कुणी लिहीतही नाही.

विक्रेता म्हणेल, ‘साहेब, आपलं वीज गेली की उघडणारंच आहे.’ खरंही असेल. पण वीज सारखी जाते, मग गेट सारखं उघडं पडतं, म्हणून कमिटी त्याला यूपीएस जोडायला लावते. गोम इथेच आहे. आग लागल्यावर मेन स्विच पाडला तरी यूपीएस कुलपाला वीज पुरवतच राहतो. गेट घट्ट बंद. म्हणजे वीज गेली की उघडणारं कुलूप तुम्ही स्वतःच्या हाताने वीज गेली तरी न उघडणारं करून ठेवलं. यावरचा उपाय खर्चिक नाही. फायर अलार्मच्या पॅनेलमधून एक रिले, म्हणजे इशाऱ्यावर चालणारा स्विच, घ्यायचा आणि तो यूपीएस व कुलूप यांच्या मधल्या तारेवर बसवायचा. अलार्म वाजला की कुलपाची वीज तिथेच तुटते. हे काम तारेने, थेट झालं पाहिजे. ‘आमचं सॉफ्टवेअर सिग्नल पाठवतं’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. आगीत वायफायचा राउटर आधी जातो.

काळेवाडीतल्या कित्येक चार-पाच मजली इमारतींत फायर पॅनेल नसतंच. तिथे आतल्या बाजूला, हाताला येईल अशा उंचीवर, काच फोडून किंवा बटण दाबून कुलपाची वीज थेट तोडणारी हिरवी पेटी बसवा. विक्रेते तिला इमर्जन्सी डोअर रिलीज म्हणतात. ती कुठे आहे हे मुलांनासुद्धा माहीत हवं. खोडसाळपणाने कुणीतरी ती दाबेल, ही तक्रार येणारच. येऊ द्या.

आणि गेट पूर्ण मोकळं फिरलं तरी त्यातून एका वेळी एकच माणूस जातो, हे विसरू नका. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात 28 नोव्हेंबर 1942 रोजी ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइटक्लबला आग लागली. मुख्य दार गोल फिरणारं होतं. दोन्ही बाजूंनी माणसं रेटली आणि ते अडकलं. बाकीची काही दारं कुलपबंद होती. 492 माणसं गेली. त्यानंतर तिकडे नियम झाला, की फिरत्या दाराच्या शेजारी बाहेर उघडणारं साधं दार असलंच पाहिजे. त्याआधी 1911 मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात 146 कामगार मेले, त्यात बहुतेक तरुण मुली. तिथला एक दरवाजा कुलूप लावून ठेवलेला होता. बायका माल चोरून नेतील अशी मालकांना धास्ती होती. कारखान्याच्या दारात गेट बसवताना आजही बैठकीत हेच कारण पुढे येतं, फरक असला तर भाषा थोडी सभ्य झाली आहे एवढाच.

आपल्याकडची उदाहरणं लांबची नाहीत. जून 2021 मध्ये मुळशीतल्या उरवड्याला रासायनिक कारखान्याच्या आगीत 17 कामगार गेले, बहुतेक महिला. ऑगस्ट 2023 मध्ये चिखलीच्या पूर्णानगरात दुकानातच राहणाऱ्या एका कुटुंबातले चौघं पहाटेच्या आगीत गेले. त्याच वर्षी डिसेंबरात तळवड्याच्या कारखान्यात कामगार बायकांचा बळी गेला. या ठिकाणी कार्डाची गेटं होती असं मी म्हणत नाही. बाहेर पडायला किती थोडा वेळ मिळतो, ते ध्यानात यावं म्हणून सांगतो. तेव्हा गेटच्या बाजूला, बाहेरच्या दिशेने उघडणारं, आतून किल्लीशिवाय उघडणारं एक साधं दार ठेवाच. रुंदी निदान 900 मिलिमीटर. व्हीलचेअर, स्ट्रेचर, बाळाची गाडी, गॅसचा सिलिंडर, सगळं त्यातूनच जाणार आहे; ट्रायपॉडच्या जेमतेम अर्ध्या मीटरच्या वाटेतून नाही. पूर्ण उंचीचं, पिंजऱ्यासारखं गेट तर निवासी इमारतीत बसवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पावसाकडे वळू. परदेशी कॅटलॉगमधलं गेट ज्या हवेत तपासलेलं असतं ती हवा आपली नसते. मे महिन्यात पत्र्याखालचा स्टीलचा डबा हात लावता येणार नाही इतका तापतो. मग वळवाची सर येते, डबा झटक्यात गार होतो, आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा फटींतून आत ओढली जाते. तिचं पाणी बोर्डावर धरतं. गेट पावसात भिजलं नसतानाही आत ओल कुठून आली, याचं कोडं अनेकांना पडतं. त्याचं उत्तर हे. म्हणून नुसतं ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नका. आयपी रेटिंग विचारा. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. उघड्यावरच्या रीडरला, म्हणजे कार्ड वाचणाऱ्या पेटीला, आयपी 65 च्या खाली जाऊ नका. बोर्डावर ओल न धरणारं कोटिंग आहे का, केबल खालून ग्लँड लावून आत घेतली आहे का, तळाला पाणी निघून जायला वाट आहे का, हे पाहा. डब्यातली सिलिका जेलची पुडी पावसाच्या तोंडावर बदलायची, आणि केबलची भोकं बुजवायची, नाहीतर मुंग्या आणि पाली आत मुक्कामाला येतात. पाल बोर्डावर आडवी झाली की गेट बंद, आणि पालही.

गेट जमिनीच्या पातळीत न बसवता चार-सहा इंचांच्या ओट्यावर बसवा. शेजारच्या साध्या दाराची वाट मात्र सपाट किंवा उताराची ठेवा, तिथे पायरी नको. कंट्रोलर, म्हणजे कार्ड खरं की खोटं ठरवणारा बोर्ड, पार्किंगमध्ये खाली टांगू नका. पवना धरणातून विसर्ग वाढला की नदीकाठच्या सखल भागांत काय होतं हे आपण ऑगस्ट 2019 मध्ये पाहिलं, जुलै 2024 मध्येही पाहिलं. कंट्रोलर पहिल्या मजल्यावर, कुलूपबंद कपाटात आणि इमारतीच्या आत. रीडर बाहेर. ही मांडणी चोरासाठीही सोयीची नाही, कारण बाहेरचा रीडर उचकटून तारा जोडल्या तरी दार उघडत नाही.

नदीकाठाची आणखी एक अडचण आहे. सांडपाण्याच्या वायूने तांबं आणि चांदी काळी पडते. नाल्याजवळच्या घरात पैंजण लवकर का काळवंडतात, ते गृहिणींना ठाऊक असतं. बोर्डावरचे संपर्कबिंदूही त्याच धातूंचे असतात. तेव्हा नाल्याच्या बाजूला गेट असेल तर कोटिंगचा आग्रह दुप्पट धरा. स्टीलचं म्हणाल तर 304 ग्रेड आपल्याकडे पुरे; 316 चा जादा खर्च मुंबई, रत्नागिरी, गोव्याच्या खाऱ्या हवेत करायचा. बिलावर ग्रेड लिहून घ्या, कारण 202 सुद्धा ‘एसएस’ म्हणूनच खपतं. आणि 304 आणून त्याच्या पायाशी फरशी अ‍ॅसिडने धुतलीत, तर दोन पावसाळ्यांत गंजाचे डाग दिसतील. तो दोष गेटचा नाही, हे सफाईच्या ठेकेदाराला आधीच सांगून ठेवा.

यूपीएसची बॅटरी गेटच्या डब्यात ठेवू नका. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य साधारण 25 अंशांच्या हिशेबाने सांगितलेलं असतं आणि दर 10 अंशांमागे ते जवळपास निम्म्यावर येतं. पाच वर्षांची बॅटरी तापल्या डब्यात दोन वर्षंही टिकत नाही. अर्थिंग मोजून घ्या, सर्ज प्रोटेक्टर लावा. एप्रिल-मेच्या विजांनी एका रात्रीत रीडर, कंट्रोलर आणि इंटरकॉम तिन्ही जातात, आणि हे वॉरंटीत बसत नाही.

कार्डाबद्दल थोडक्यात. जाड, पांढरं, 125 किलोहर्ट्झवर चालणारं कार्ड चावीसारखं कुठेही नक्कल करून मिळतं. ‘मायफेअर क्लासिक’ नावाच्या कार्डाची सुरक्षा नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2008 मध्येच मोडून दाखवली होती, तरी ते कार्ड आजही विकलं जातं. नवीन घेताय तर डेसफायर जातीचं घ्या. रीडर आणि कंट्रोलर यांच्यात जुनी वायगँड तार असेल तर तिच्यावरून कार्डाचा नंबर उघडा जातो. ओएसडीपी ही पद्धत नंबर सांकेतिक करून पाठवू शकते, आरएस-485 च्या तारेवर 1200 मीटरपर्यंत जाते, आणि 2020 पासून ती आंतरराष्ट्रीय मानकही आहे. इंटरनेट बंद पडलं तरी कंट्रोलरने स्वतःच्या स्मरणातून दार उघडलं पाहिजे, हेही विचारा.

बोटाच्या ठशाचं गेट सुचवलं जाईल. चाकण-भोसरीच्या शॉपवर काम करणाऱ्यांची, धुणंभांडी करणाऱ्या ताईंची बोटं झिजलेली असतात, पावसात तर ती ओलीच असतात. ठसा उमटत नाही, रांग तुंबते, आणि सहाच्या शिफ्टची बस काळेवाडी फाट्यावरून निघून जाते. कार्डच ठेवा. कामवाल्या ताईंकडून कार्डाचे पैसे घेऊ नका. गेट तुमच्या सोयीचं आहे, त्यांच्या नाही. कार्ड देताना आधारची झेरॉक्स मागून फाइलला लावायची सवय सोडा. वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा 2023 मध्ये झाला आहे, आणि कोण किती वाजता आलं-गेलं याची नोंदही वैयक्तिक माहितीच आहे. ती किती दिवस ठेवायची आणि कोण पाहणार, हे सर्वसाधारण सभेत ठरवा. कारखान्यात मात्र याच नोंदीचा खरा उपयोग आहे. आग लागली तर आत नेमकं कोण राहिलं, याची यादी गेटबाहेर उभं राहून मोबाइलवर काढता आली पाहिजे. कंत्राटी कामगार त्या यादीत नसतील तर ती यादी निरुपयोगी.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली ज्यांना लागू आहे त्यांनी दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून ‘फॉर्म बी’ द्यायचा असतो. त्याच दिवशी गेटचीही चाचणी घ्या. गर्दीच्या वेळी, यूपीएस चालू ठेवून, फायर अलार्म वाजवा. दांडे पडले, झडपा सरकल्या तर ठीक. नाहीतर व्हेंडरला तिथल्या तिथे फोन करा. ही चाचणी खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहा, आणि सोबत हेही, की रकमेचा शेवटचा पाचवा हिस्सा पहिला पावसाळा उलटल्यावर, ऑक्टोबरात मिळेल. जो व्हेंडर या अटीला कुरकुरेल, त्याचं कोटेशन बाजूला ठेवा.