विश्लेषण : आते-मामे भावंडांची सुट्टी एकाच वेळी का येत नाही?

वसई तालुक्याच्या पूर्वेला, शिरसाड-वज्रेश्वरी रस्त्याच्या पट्ट्यात चांदीप आणि आसपासची गावे-पाडे आहेत. येथला मे महिना म्हणजे हळदी आणि लग्ने, अंगणातले वाळवण, रानातली करवंदे, ताडगोळे आणि माहेरी आलेल्या लेकी. कामधंद्यासाठी विरार, नालासोपारा, ठाण्याला गेलेली घरे याच दिवसांत गावाकडे वळतात. पण सगळी एकाच वेळी नव्हे. एका बहिणीची मुले येतात तेव्हा दुसरीची शाळा सुरू असते. याचे खापर मोबाइलवर आणि शहरी सवयींवर फोडले जाते. दोष निदान अर्धा तरी शाळेच्या वेळापत्रकाचा आहे.

मे महिनाच का?

हा भाताचा मुलूख. कापणी-झोडणी दिवाळीनंतर आटोपते आणि पेरणी मृगाशिवाय होत नाही. राब भाजणे, बांध घालणे, छप्पर शाकारणे ही कामे उरकत असतानाच लग्ने लागतात. आगरी घरांत धवलारीण धवला गाते, वारली घरांत भिंतीवर लग्नाचा चौक लिहिला जातो. यात्राही याच सुमारास येतात. डहाणूजवळ विवळवेढे येथील महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेला सुरू होते आणि साधारण पंधरा दिवस चालते. चैत्र अमावास्येच्या सुमारास वज्रेश्वरीची यात्रा भरते. हवामान विभागाच्या 2020 मधील सुधारित तारखांनुसार मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख 11 जून आहे. पाऊस पडला, ओढ्याला वलगणीचे मासे चढले की मग शाळेची घंटा, असा हा क्रम. (2025 मध्ये पाऊस 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला. अंगणात पापड घातलेल्या घरांची काय धांदल उडाली असेल, ते सांगायला नको.)

गणित कुठे बिघडले?

पूर्वी गावातल्या आणि शहरातल्या नातवंडांची शाळा बहुधा एकाच मंडळाची असे. आता एकाच आजीच्या नातवंडांपैकी एक जिल्हा परिषदेच्या शाळेत, दुसरे सीबीएसईच्या, तिसरे आणखी कोणत्या मंडळाच्या शाळेत असते. सीबीएसईचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, राज्य मंडळाचे जूनच्या मध्यावर. राज्यात 2025 मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा 8 ते 25 एप्रिल या काळात ठेवण्यात आल्या. परीक्षा लवकर संपली की मुले शाळेत येत नाहीत आणि अध्यापनाचे दिवस वाया जातात, हे त्यामागचे कारण. ते खोटेही नाही. मात्र त्या वर्षी हनुमान जयंती 12 एप्रिलला होती. म्हणजे महालक्ष्मीची जवळपास सगळी यात्रा परीक्षेत गेली.

एकाच मंडळाच्या शाळांतही फरक पडतो. वर्षातील एकूण सुट्ट्या 76 दिवसांपेक्षा जास्त नसाव्यात, अशी मर्यादा आहे. त्या मर्यादेत उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी कमी करून गणेशोत्सव वा नाताळसाठी ती वापरण्याची मुभा शाळांना मिळते. वसईसारख्या तालुक्यात, जेथे पश्चिमेला नाताळ मोठा, तेथे ही मुभा रास्तच म्हणावी लागेल. उन्हाच्या कारणाने 2023 मध्ये सरकारने 21 एप्रिलपासून सुट्टी जाहीर केली, तेव्हाही ती राज्य मंडळाच्या शाळांसाठी होती. इतर मंडळांच्या शाळांना आपापल्या सोयीने ठरवायचे होते.

सगळ्यांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू केले तर?

शालेय वर्ष 1 एप्रिलपासून सुरू करावे, हा विचार राज्यात अधूनमधून पुढे येतो. सगळ्यांचे वेळापत्रक एक होईल, हा त्याचा फायदा दिसतो. पण त्याने सुट्टीची जातच बदलते. आजची मे महिन्याची सुट्टी दोन इयत्तांच्या मधली आहे. जुना वर्ग संपलेला, नव्या वर्गशिक्षकांची गाठ पडलेली नाही. त्या काळात मूल कोणत्याच इयत्तेत नसते. वर्ष एप्रिलमध्ये सुरू झाले की मे महिना सत्राच्या पोटात जातो आणि आजोळच्या पिशवीत प्रकल्पाची वही येऊन बसते. वेळापत्रक एक करायचेच असेल तर मेचा पहिला आठवडा ते जूनचा पहिला आठवडा एवढा काळ सर्व मंडळांसाठी सामाईक आणि गृहपाठमुक्त ठेवणे पुरेसे आहे. शिक्षण हक्क कायद्याला पहिली ते पाचवीसाठी वर्षात 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 कामाचे दिवस लागतात. ते यात सहज बसतात.

झळ कोणाला?

सर्वाधिक झळ लागते ती सासरी गेलेल्या बाईला. पुरुषाचे बालमित्र पुष्कळदा गावातच राहतात, पारावर रोज भेटतात. बाईच्या मैत्रिणी लग्नानंतर चार दिशांना जातात. चैत्राच्या हळदीकुंकवाला, एखाद्या हळदीला किंवा कुरडयांचा चीक शिजवताना त्या भेटल्या तर भेटल्या. ही भेट त्यांच्या मर्जीवर नाही, मुलांच्या सुट्टीवर अवलंबून असते. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाले. प्रवास स्वस्त झाला, पण मैत्रीण नेमकी त्याच आठवड्यात माहेरी असेल याची हमी तिकिटाने मिळत नाही. या मेळाव्याचे गोडवे गाताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. वीस माणसांचा स्वयंपाक चुलीपुढे कोणी तरी रांधत असते, आणि सुट्टी तिची नसते. माहेरवाशिणीला विसावा हवा असेल तर तो वहिनीच्या पाठीवर नको. पापड लाटायला भाऊ आणि भाचे का बसत नाहीत, हा प्रश्नही याच सुट्टीत विचारायला हरकत नाही.

आणि पाड्यांवरचे वेळापत्रक तर वेगळेच आहे. पालघर-ठाण्यातील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर, मेअखेरीस परततात. त्यांच्या मुलांची परीक्षा पुष्कळदा भट्टीवर असतानाच होऊन गेलेली असते. पाड्यावरचे सवंगडी, जांभळाची झाडे आणि ओढा त्यांना भेटतो तो मेअखेर ते जूनचा मध्य एवढ्याच दिवसांत. शाळा जूनच्या पहिल्याच दिवशी उघडली, तर या मुलांच्या वाट्याला सुट्टी म्हणून काही उरत नाही.