रोहिणीचा गाडा

दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या, पण त्याचा जीव रमला तो एकट्या रोहिणीत. बाकीच्यांनी माहेरी गाऱ्हाणे नेले आणि सासऱ्याने जावयाला क्षयाचा शाप दिला.

कथा रचणाऱ्यांची नजर मात्र आकाशावर पक्की होती. वृषभ राशीतली ही तांबूस रोहिणी चंद्राच्या वाटेच्या इतकी जवळ आहे, की काही वर्षे तो दर महिन्याला तिला चक्क झाकतो. 2015 ते 2018 या काळात असेच घडले.

रोहिणीभोवतीच्या इंग्रजी ‘व्ही’सारख्या तारकांना आपल्याकडे शकट, म्हणजे गाडा म्हणतात. शनीने तो भेदला तर अनर्थ, असे वराहमिहिराने लिहून ठेवले. पद्मपुराणात तर शनीला अडवायला दशरथ थेट नक्षत्रमंडळात रथ घालतो! ग्रीकांना याच तारकांत बैलाचे तोंड दिसले: बैल होऊन राजकन्या युरोपाला पळवणारा देव झ्यूस. अरबांनी रोहिणीला ‘अल्देबरान’, कृत्तिकांच्या मागून येणारी, म्हटले.

गंमत अशी, की रोहिणी या गाड्यातली नव्हेच. ती 65 प्रकाशवर्षांवर, बाकीच्या तारका सुमारे 150 वर.

डिसेंबरात दिवेलागणीनंतर पूर्वेला पाहा. आधी कृत्तिकांचा पुंजका शोधा, रोहिणी त्याच्या खालीच सापडेल.