हौदांतले मासे

वसंतांत प्रवाहावर पिसांची बनावट माशी फेकून ट्राउट धरणाऱ्या अमेरिकन शौकिनांपैकीं पुष्कळांचें म्हणणें असें कीं, मासे उणे झाले तर हौदांत वाढविलेले आणून सोडावे. आम्हांस हें साफ अमान्य आहे. मॅडिसन नदींत असे मासे सोडणें थांबवितांच नदींतच जन्मलेले ट्राउट वाढले. मोंटाना राज्यानें 1974 सालीं बहुतेक नद्यांत ही प्रथाच बंद केली. स्टीलहेड तरी कोण? समुद्राची वारी करून वसंताच्या विणीसाठीं जन्मनदींत परतणारा रेनबो ट्राउटच! त्याची वाट धरणांनीं अडवावयाची आणि वर हौदांतले मासे भरपाई म्हणून ओतावयाचे, हा कोठला न्याय? वॉशिंग्टन राज्यांतील एल्व्हा नदीवरचीं दोन्ही धरणें 2014 पर्यंत पाडलीं आणि स्टीलहेड वरच्या प्रवाहांत पुन्हां पोहोंचले. हौदांच्या कैवाऱ्यांनीं आधीं मॅडिसनला उत्तर द्यावें.