शॅननच्या काठावरून : तिसऱ्या कोकराचं काय?



मार्च संपता संपता आमच्या ॲथलोनला सलग दोन दिवस ऊन पडलं. तुम्ही अश्दोद-दिमोनाचे लोक हसाल, पण इथे ती बातमी असते. त्याच दिवशी नातू शाळेतून एक कागद घेऊन आला. वर्गात वादविवाद होता. विषय: माणसाच्या फायद्यासाठी जनावरांचे अंगचे गुण बदलावेत का, त्यांच्या हुबेहूब नकला काढाव्यात का? याच्या वाट्याला ‘हो, काढाव्यात’ ही बाजू आली होती. मला म्हणतो, "आज्जी, परमेश्वराला हे चालेल का गं?"

मी म्हटलं, "बाळा, आधी मेंढीला चालतं का ते बघू. मग वर विचारू."

गावाबाहेर आमच्या ओळखीचे एक मेंढपाळ आहेत. रविवारी त्यांच्याकडे गेलो. स्वयंपाकघरात शेगडीजवळ खोक्यात एक कोकरू बसलेलं, आणि घरची मुलगी त्याला बाटलीने दूध पाजत होती. आई मेली का, म्हणून नातवाने विचारलं. तर नाही! आईला तीन झाली होती. मेंढीला सड दोनच. दोघं पितात, तिसरं उपाशी राहतं. मग ते घरात येतं आणि दर चार तासांनी कोणाला तरी उठावं लागतं. नातवाने बाटली हातात घेतली आणि तासभर ती सोडली नाही.

आता गंमत ऐका. ॲथलोनहून गॉलवेच्या गाडीत बसलात की वाटेत ॲथेनराय स्टेशन लागतं. तिथे चागास्क या सरकारी शेती संस्थेचं मेंढ्यांचं संशोधन चालतं. आयर्लंडात ‘बेल्क्लेअर’ नावाची मेंढीची जात मुद्दाम तयार केली गेली. देशभरच्या कळपांतून खूप कोकरं देणाऱ्या मेंढ्या निवडल्या आणि गॉलवे, फिन अशा जातींशी त्यांचा संकर केला. पुढे २००४ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की या जादा कोकरांमागे विशिष्ट जनुकं आहेत. जनुक म्हणजे आईबापांकडून आलेली अंगातली एक सूचना, असं समजा. ही सूचना एकाकडूनच आली तर मेंढीला जास्त पिल्लं होतात. आणि आईकडूनही तीच, बापाकडूनही तीच आली तर? मग ती मेंढी वांझ निघते. म्हणजे वरदान दुप्पट झालं की शाप! देणाऱ्याने माप घालून दिलेलं आहे, आपण ते मोजून घ्यायचं.

अशीच एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रातही घडली आहे. सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, १९६८ सालची, बनबिहारी निंबकरांनी स्थापन केलेली. आपल्याकडची दख्खनी मेंढी काटक. धनगराबरोबर कोसच्या कोस चालते, पण एका विताला बहुधा एकच कोकरू देते. तिकडे बंगालच्या सुंदरबनात ‘गारोळ’ नावाची छोटीशी मेंढी आहे. उचलून काखेत घ्यावी एवढीच, पण जुळी देते, कधी तिळीसुद्धा. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गारोळचा तो एक गुण दख्खनी मेंढीत आणला. त्यासाठी त्यांनी सुई-कात्री वापरली नाही. पिढ्यान् पिढ्या जोड्या लावल्या आणि रक्त तपासून कोणात गुण उतरला ते पाहिलं. त्या मेंढीचं नाव ‘नारी सुवर्णा’. बऱ्याच विताला एकाऐवजी दोन कोकरं मिळाली तर धनगराच्या घरात किती फरक पडतो, ते लोणंदच्या बाजारात उभं राहिलेल्याला सांगावं लागत नाही.

हाच बंगालचा गुण अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून जहाजाने ऑस्ट्रेलियात पोचला होता आणि तिथल्या ‘बूरूला’ मेंढ्यांत उतरला. तिथून १९८० च्या दशकात तो इस्राएलला आला. बेत दगानच्या वोल्कानी संस्थेने तो तिथल्या अवासी आणि असाफ मेंढ्यांत आणला. त्यांना ‘अफेक’ म्हणतात. म्हणजे सुंदरबनची मेंढी आमच्यासारखीच निघाली. एक शाखा महाराष्ट्रात, एक इस्राएलात!

नातू म्हणाला, "आज्जी, ही तर जोड्या लावायची गोष्ट झाली. नकलेचं काय?"

बरोबर आहे त्याचं. नक्कल म्हणजे क्लोन. स्कॉटलंडच्या रॉस्लिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी डॉली मेंढी जन्मली, एका सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून. २७७ प्रयत्न केले तेव्हा एक डॉली मिळाली. फेब्रुवारी २००३ मध्ये फुफ्फुसाच्या रोगामुळे तिला मरण द्यावं लागलं. तो रोग क्लोन असल्यामुळे झाला असं मात्र सिद्ध झालं नाही, आणि त्याच पेशींपासून पुढे झालेल्या तिच्या बहिणी म्हातारपणीही ठणठणीत होत्या. हरियाणात कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये म्हशीचं पहिलं क्लोन रेडकू झालं, ते आठवडाभरात गेलं. जूनमध्ये झालेली गरिमा सुमारे दोन वर्षं जगली. मार्च २०२३ मध्ये तिथेच गीर गायीचं क्लोन वासरू झालं, त्याचं नाव गंगा. काश्मीरच्या कृषी विद्यापीठाने २०२५ साली जाहीर केलं की त्यांनी एका मेंढीचं जनुक सुधारलं आहे, म्हणजे तिच्या अंगावर मांस जास्त धरेल. इकडे युरोपच्या संसदेने २०१५ साली शेतीच्या जनावरांचं क्लोनिंग बंद करावं असं मत दिलं.

माझं मन इथे अडखळतं. त्या २७७ मधल्या बाकीच्यांचं काय? पोटात राहिली नाहीत ती, ज्यांच्या पोटी वाढवली त्या माया? डॉलीचा फोटो सगळीकडे छापून आला, त्यांचा कुठेच नाही.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्या आईला मधुमेह होता. तिचं इन्सुलिन गाईडुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे. ती ते टोचून घेई आणि नातवंडं पाहून गेली. आता अमेरिकेत जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय २०२२ साली आणि मूत्रपिंड २०२४ साली जिवंत माणसाला बसवलं. दोघंही रुग्ण सुमारे दोन महिने जगले, पण वाट उघडली. कोणी म्हणेल, डुक्कर? अहो, आपल्याला मनाई आहे ती खाण्याची. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथसुद्धा बाजूला ठेवावा, असं आपले रब्बी शिकवत आले.

आणि तोरा काय सांगते? वेगवेगळ्या जातींच्या जनावरांचा संकर करू नये, हे सांगते. मेंढीचा मेंढीशी संकर त्यात येत नाही. प्रयोगशाळेत जनुक हलवणं त्यात येतं का, यावर विद्वानांत मतभेद आहेत, मी कोण बोलणार? पण तोरा आणखी एक सांगते: शब्बाथला तुझ्या बैलालाही विसावा दे. कोकणात लोक आपल्याला ‘शनवार तेली’ म्हणत. का? शनिवारी घाणा बंद, म्हणजे घाण्याचा बैलही सुटा! आपल्या पूर्वजांकडे ग्रंथ नव्हते, हिब्रू विसरली होती, पण बैलाची सुट्टी ते विसरले नाहीत. जनावराकडून काम घ्यावं, पण त्याचं देणं आपल्यावर आहे हे ध्यानात ठेवावं.

म्हणून मी नातवाला तीन प्रश्न लिहून दिले. जनावराला त्रास किती? फायदा कोणाला, धनगराला की फक्त कंपनीला? आणि जे जादा जन्मतं त्याला सांभाळणार कोण? धनगराला जुळी मिळत असतील तर माझा होकार. माणसाचा जीव वाचत असेल तर जड मनाने होकार. नुसतं मांस स्वस्त व्हावं म्हणून शेकडो माया गाभण करून टाकायच्या असतील, तर नाही.

वादविवादात तो हरला. ‘हो’ म्हणायचं असताना मध्येच थांबून त्याने सगळ्यांना विचारलं, "पण तिसऱ्या कोकराचं काय?" बाई म्हणाल्या, हा तर समोरच्या बाजूचा मुद्दा झाला! घरी आल्यावर मी त्याला चपातीबरोबर गूळ-तूप जास्त वाढलं.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी काम: घरच्या आजीआजोबांना विचारा, लहानपणी त्यांच्या दारात कोणतं जनावर होतं आणि त्याचं नाव काय होतं. लिहून संपादकांकडे पाठवा. पुढच्या अंकात वाचू.

तुमची,
शॅननकाठची आज्जी